आचाऱ्यांनी पाकात दूध घातलं, मग लाडू व्हीगन राहिला का?

ताई, मी २६ वर्षांची, पुण्यात नोकरी करते, गाव शिरोळ तालुक्यात, घरचा ऊस आहे. बरेच दिवस झाले व्हीगन आहे, म्हणजे दूध-तूप, मध असं प्राण्यापासून आलेलं काहीच घेत नाही. मागच्या महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नात बुंदी कशात तळणार ते आचाऱ्यांना आधीच विचारून ठेवलं होतं, ते म्हणाले तेलात, म्हणून मी निवांत होते. पण आदल्या रात्री मी स्वतः बघितलं, पाक उकळत होता आणि त्यांनी त्यात फुलपात्रभर दूध ओतलं, वर मळकट फेस आला तो झाऱ्याने काढून टाकला. विचारलं तर म्हणाले मळी काढली, दूध काही राहत नाही त्यात. मी लाडू खाल्ला नाही, आत्याला खूप वाईट वाटलं. त्यात अमेरिकेहून आलेला आतेभाऊ पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला की तुझी साखरच हाडांच्या कोळशातून गाळतात आणि ऑफिसच्या पार्टीत पितेस ती बिअर माशाच्या पिशवीने, मग तू कसली व्हीगन! तेव्हापासून कोऱ्या चहात साखर घालताना पण हात थांबतो. बाबांनी पिकवलेल्या उसाची साखर मी सोडायची का? आणि जे पाकिटावर लिहिलेलंच नसतं ते मी शोधायचं तरी कुठवर? ता.क. काजूकतलीवरच्या वर्खाचं पण सांगा प्लीज.
— उ., पुणे

अगं उ., आधी साखरेचंच बघू, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात जास्त त्रास मला त्या बाबांच्या उसाच्या वाक्यात दिसला.

तुझा आतेभाऊ खोटं बोलला नाहीये. अमेरिकेत उसाची साखर रिफाइन करणाऱ्या काही कारखान्यांमध्ये बोन चार वापरतात, म्हणजे गुरांची हाडं हवा लागू न देता प्रचंड तापवून केलेला दाणेदार कोळसा, त्याच्या उंच टाक्यांमधून साखरेचा पाक सोडतात, पाकातला पिवळट-तपकिरी रंग त्या कोळशाला धरून राहतो आणि खालून स्वच्छ पाक येतो. हाडाचा कण साखरेत उतरत नाही, पण हाड वापरलं जातं हे खरंच आहे. म्हणून तिकडचे व्हीगन लोक बीटाची साखर घेतात, तिला ही पायरीच लागत नाही, किंवा ऑरगॅनिक घेतात, कारण तिथल्या ऑरगॅनिकच्या नियमांत बोन चार बसत नाही. हे सगळं बरोबर. पण त्याने तिकडची माहिती उचलून थेट शिरोळच्या उसाला लावली आणि तिथे त्याचं चुकलं.

आपल्या भागातले कारखाने बहुतेक करून डबल सल्फिटेशनने साखर करतात. म्हणजे उसाचा रस तापवायचा, त्यात चुन्याची निवळी घालायची, गंधक जाळून त्याचा वायू रसातून सोडायचा, रसातला मळ त्या चुन्याबरोबर गाळ होऊन खाली बसतो आणि वरचा निवळ रस आटवून त्याची साखर करायची, बाजारात एस-३० नाहीतर एम-३० म्हणून येते ती हीच. चुना आणि गंधक, दोन्ही खनिज. खाली बसलेल्या गाळाचं प्रेसमड होतं आणि ते तुझ्या बाबांनी कधी ना कधी ट्रॉली भरून शेतात टाकलंच असेल, विचार त्यांना. कच्ची साखर रिफाइन करणाऱ्या मोठ्या रिफायनऱ्या पण आपल्याकडे आहेत, तिथे रंग काढायला रेझिन किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बन वापरतात. हाडांचा कोळसा या सल्फिटेशनच्या पद्धतीत कुठल्याच पायरीला येत नाही. तेव्हा कोऱ्या चहात साखर घाल बाई, निर्धास्त घाल, आणि बाबांना फोन करून विचार या वर्षी उतारा किती लागला ते, त्यांना किती बरं वाटेल.

हा विषय आपल्याकडे नवा पण नाही गं. स्वदेशीच्या चळवळीत विलायती साखरेवर बहिष्कार पडला तेव्हा ती हाडांनी शुद्ध केलेली असते ही तक्रार लोकांच्या तोंडी होतीच, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची माणसं पण साखर कशातून गाळली हे विचारत होती. तेव्हा कोणी तुला म्हणालं ना की हे सगळं इंस्टाग्रामवरचं नवीन खूळ आहे, तर अजिबात मनावर घेऊ नकोस.

आणि गुळाबद्दल तू विचारलं नाहीस पण मी सांगणारच, कारण मला ते फार आवडतं. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळायला लागला की त्यात भेंडीचं पाणी घालतात, भेंडीची खोडं-मुळं ठेचून पाण्यात भिजवली की बुळबुळीत चिकट पाणी सुटतं ते. त्या चिकट पाण्याला रसातला सगळा मळ धरतो आणि काळपट साय आल्यासारखी मळी वर येते, ती काढून टाकली की खालचा रस कसा सोनेरी दिसतो बघ. फेस उतू जायला लागला की थोडं तेल. भेंडी, चुना, तेल, झालं. काही जण पिवळा रंग यावा म्हणून हायड्रॉस पावडर घालतात, ती तब्येतीसाठी टाळावी असं माझं स्पष्ट मत आहे, पण तीसुद्धा केमिकलच आहे, प्राण्यापासून आलेली नाही. सांगायचा मुद्दा हा की रस निवळायला जनावर लागतंच असं नाहीये, आपल्या लोकांनी शेताच्या बांधावरच्या भेंडीने ते काम केलेलं आहे.

आता लाडू. इथे मी तुला गोडगोड बोलून समजावणार नाही. तुझ्या आचाऱ्यांनी जे केलं त्यात दूध गरम पाकात फाटतं, त्यातलं प्रोटीन पाकातला मळ पकडून वर येतं आणि झाऱ्याने ते निघून जातं. म्हणजे आचारी म्हणाले ते बरंचसं खरं, दूध जवळजवळ राहत नाही (थोडंफार विरघळलेलं राहतं, सगळंच्या सगळं निघत नाही). पण व्हीगन म्हणजे फक्त शेवटी ताटात काय उरलं एवढंच नसतं ना. ते फुलपात्रभर दूध कुठल्यातरी गाई-म्हशीचं होतं, ते विकत आणलं, वापरलं, संपवलं. तेव्हा तो लाडू व्हीगन नव्हता. तू नाही खाल्लास ते तुझ्या नियमाला धरूनच होतं आणि त्याबद्दल तुला कोणालाही सॉरी म्हणायची गरज नाही.

आणि हे फक्त माझं मत नाही, आपल्या देशाचा कायदा पण हेच म्हणतो. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नाचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये व्हीगन फूडचे वेगळे नियम काढले, त्यात सरळ लिहिलंय की घटक, ॲडिटिव्ह, फ्लेवर, एन्झाइम, कॅरियर आणि प्रोसेसिंग एड यातलं काहीच प्राण्यापासूनचं नको आणि तेही बनवण्याच्या कुठल्याच टप्प्यावर नको. प्रोसेसिंग एड म्हणजे तुझ्या पाकातल्या दुधासारखीच गोष्ट, बनवताना कामापुरती वापरायची आणि मग काढून टाकायची. चौकोनात हिरवा व्ही आणि त्याला पान असा जो लोगो आहे, तो ज्या पाकिटावर असेल त्याला हा नियम लागू. हिरव्या ठिपक्याला नाही! इथे लोकांचा फार घोळ होतो. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं, मध चालतो, मधमाश्यांचं मेण चालतं, शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यापासून येणारी चकाकी पण चालते, नियमातच तशी सूट आहे. शिवाय त्या नियमात घटक म्हणून काय आहे हे बघतात, आणि प्रोसेसिंग एड घटकांच्या यादीत लिहायची सक्ती नसते. म्हणून तू पाकीट कितीही उलटंपालटं करून बारीक अक्षरं वाचलीस तरी ते सापडणार नाही, तुझं लक्ष कमी पडतं म्हणून नाही, ते तिथे लिहिलेलंच नसतं.

मला याचा खरोखर राग येतो. ज्याला खायचंय त्याला खाऊ दे, पण ज्याला नको आहे त्याला कळायला तरी पाहिजे ना? डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने हेच म्हटलं होतं, की नुसता कोड नंबर छापून भागणार नाही, तो घटक वनस्पतीचा आहे की प्राण्याचा हे पण सांगा, मग त्याचं प्रमाण कितीही कमी असो, आपण काय खातो हे कळणं हा माणसाचा हक्क आहे. तो विषय निघाला होता ई-६३१ सारख्या चव वाढवणाऱ्या गोष्टींवरून, जे नूडल्स-वेफर्समध्ये असतं आणि मांस-माशांपासून पण बनवता येतं. तेव्हा तू जे विचारतेयस ते कोर्टानेसुद्धा महत्त्वाचं मानलंय, पंगतीत हसण्यावारी न्यायची गोष्ट नाहीये ही.

बिअरचं आता. माशाची पिशवी म्हणाला ना तो, त्याला आयसिंग्लास म्हणतात. माशाच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते, ती सुकवून तिचं पातळ जेलीसारखं द्रावण करतात आणि पिंपात घालतात, त्यातलं कोलॅजन गढूळ यीस्टला चिकटतं आणि सगळा गाळ भराभर तळाला बसतो. ही मुळात ब्रिटनमध्ये पिंपातून देतात त्या ‘एल’ नावाच्या बिअरची पद्धत. एके काळी स्टर्जन माशाची पिशवी वापरायचे, मग इतर मासे आले. आपल्या पालघर-सातपाटीकडे घोळ मासा सापडला की कोळी बांधवांना लॉटरी लागल्यासारखं होतं आणि पेपरात बातमी येते, ती किंमत त्याच्या मांसापेक्षा या पिशवीला असते, बाहेरच्या देशात जाते ती, औषधात, खाण्यात, आणि दारू निवळायला पण वापरतात असं त्या बातम्यांमध्ये असतंच. गिनेस ही आयर्लंडची बिअर कंपनी तर कित्येक वर्षं आयसिंग्लास वापरत होती, २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की फिल्टरची पद्धत बदलणार आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पिंप, बाटली, कॅन असं करत सगळी बदलली. लोक सतत विचारत राहिले म्हणून एवढ्या जुन्या कंपनीने यंत्रं बदलली, हे मला फार मोठं वाटतं.

पण तू ऑफिसच्या पार्टीत जे पितेस ते बहुतेक लागर असणार, म्हणजे सगळीकडे मिळते ती नेहमीची बिअर. लागर फिल्टर करायला डायटोमाइट नावाची माती वापरायची पद्धत जगभर रूढ आहे, नाहीतर सिंथेटिक पावडरी असतात. आणि पुण्यातल्या मायक्रोब्रूअरीत गढूळ व्हीट बिअर (गव्हाची) देतात ना, ती गढूळच प्यायची असते म्हणून तिला निवळायचा प्रश्नच येत नाही. मात्र मिल्क स्टाउट नावाची असते तिच्यात दुधाची साखर असते, आणि मध घातलेल्या असतात, त्या टाळ. वाइन जरा जास्त भानगडीची. रेड वाइनमधला तुरटपणा कमी करायला अंड्याचा पांढरा बलक घालायची जुनी फ्रेंच पद्धत आहे, व्हाइटला दुधातलं केसीन, कधी जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं), कधी तेच आयसिंग्लास. (केसीन म्हणजे तुझ्या आचाऱ्यांनी पाकात जे केलं तेच की, फक्त पिंपात.) त्याऐवजी बेंटोनाइट माती किंवा वाटाण्याचं प्रोटीन वापरूनही वाइन छान निवळते आणि बऱ्याच वायनरी तसंच करतात. तेव्हा नाशिकला वाइन टूरला गेलीस तर तिथल्या माणसाला थेट विचार फायनिंग (म्हणजे वाइन निवळणं) कशाने करता, त्यांना हा शब्द रोजचा आहे, लगेच सांगतात. परदेशातल्या बाटलीवर अवलंबून राहू नकोस, युरोपात अंडं आणि दूध वाइनमध्ये सापडण्याइतकं राहिलं असेल तर लेबलवर लिहावं लागतं, पण आयसिंग्लासला त्यातूनही सूट दिलेली आहे. दारूसाठी बार्निव्होर नावाची एक मोठी यादी नेटवर आहे, त्यात लोकांनी कंपन्यांना मेल करून आलेली उत्तरं नोंदवलेली असतात, तिथे आधी बघायचं.

आणि विचारताना एक कर. ‘व्हीगन आहे का’ असं विचारू नकोस, आपल्याकडे कस्टमर केअरवाला ते ‘व्हेज आहे का’ असंच ऐकतो आणि हो मॅडम हंड्रेड परसेंट व्हेज म्हणून मोकळा होतो. असं लिही, की बनवताना, गाळताना किंवा निवळताना कुठल्याही टप्प्यावर दूध, अंडं, जिलेटिन, मासा, हाड किंवा किड्यापासूनची कुठली गोष्ट वापरता का. पाकिटावर ग्राहकांसाठीचा नंबर आणि ईमेल छापलेला असतोच, तिथे पाठव. उत्तर आलं तर छान, नाही आलं किंवा गोलगोल आलं तर तो ब्रँड सोड आणि पुढे चल. एका वस्तूसाठी एक मेल, त्यापेक्षा जास्त जीव जाळू नकोस.

तू विचारलंस शोधायचं कुठवर. माझं म्हणणं असं आहे की वस्तू व्हीगन आहे का आणि तू व्हीगन आहेस का हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, तुझा आतेभाऊ ते एकत्र करतो आणि तूही त्याचं ऐकून एकत्र केलेस. वस्तूचं उत्तर हो किंवा नाही असंच असतं, लाडू नव्हता, गिनेस आधी नव्हती आता आहे, साखर आहे. पण माणसाचं तसं नसतं. ब्रिटनमधली व्हीगन सोसायटी १९४४ पासूनची, त्यांनी स्वतःच त्यांच्या व्याख्येत म्हणून ठेवलंय की शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं टाळायचं. ज्यांनी हा शब्द काढला त्यांनीच ही जागा ठेवली आहे, ती पळवाट नाहीये. जी गोष्ट तुला कळू शकते आणि बदलता येते तिथे टाळ, अगदी कडकपणे टाळ. जी कळूच शकत नाही, कारण कायद्याने लिहायला लावलेलीच नाही, तिचं पाप तू तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस, ते ज्याने लपवलं त्याचं. एखादी गोष्ट नंतर कळली तर तिथून पुढे सोडायची, मागचे घास मोजत बसायचं नाही.

आणि क्रम पण लक्षात ठेव गं. तू रोजचं दूध, दही, तूप, पनीर सोडलंस ते खूप मोठं आहे, गोठ्यात नर वासराचं काय होतं हे तू गावात वाढलेली आहेस, मी सांगायला नको. चिमूटभर प्रोसेसिंग एडच्या मागे लागून तू इतकी दमलीस की एक दिवस जाऊ दे म्हणून सगळंच सोडून दिलंस, तर मला त्याचं जास्त वाईट वाटेल. माझ्याकडे अशी पत्रं येतात म्हणून सांगते.

आत्याचं मात्र मनापासून सांगते, तिला फोन कर. तिला असं वाटलंय की तू तिच्या घरचं अन्न नाकारलंस. तिला सांग की आत्या लाडू छानच असणार, मला फक्त ते दूध नको होतं, आणि पुढच्या कार्याला आचाऱ्यांशी मी आधी बोलू का. त्यांना एवढंच म्हणायचं की काका, पाकात दूध नका घालू, आताची साखर स्वच्छ असते, मळी निघतच नाही फारशी. हे खरं आहे, ही पद्धत साखर मळकट यायची त्या काळातली आहे आणि आता बहुतेक ठिकाणी हाताला सवय लागलीय म्हणून चालू आहे. कोणी हट्टच धरला तर वेगळ्या पातेल्यात ताटभर लाडवांचा पाक बिनदुधाचा करून देतील, लग्नातले आचारी डायबेटिसवाल्यांचं, उपासवाल्यांचं, जैन मंडळींचं सगळं सांभाळतात, तुझं एक जास्तीचं त्यांना जड नाही. पण हे आधी सांगायचं, पाक चुलीवर असताना नाही, आणि पंगतीत पान वाढल्यावर तर अजिबात चौकशी नको. तिथे शंका आली तर वाढू नका म्हणायचं आणि वरण नको फक्त भात आणि भाजी असं शांतपणे जेवायचं.

आतेभावाला पण एक मेसेज टाक, भांडायला नाही, त्याला सांग की तिकडच्या साखरेचं तुझं बरोबर होतं, इकडे चुन्याने आणि गंधकाने करतात, पुढच्या वेळी आलास की कारखाना बघायला जाऊ. गळीत हंगामात आला तर बाबांच्या ओळखीने आत सोडतील.

वर्खाचं: चांदीचा पत्रा ठोकून पातळ करताना तो बैलाच्या आतड्याच्या नाहीतर कातड्याच्या थरांमध्ये ठेवून ठोकायची जुनी पद्धत होती. २०१६ मध्ये एफएसएसएआयने प्राण्यापासूनचं साहित्य वापरायला मनाई करणारा नियम काढला, त्यावर पुढे कोर्टकचेऱ्या पण झाल्या, आणि मशीनवर खास कागदात केलेला वर्ख आता मिळतो. पण हलवायाच्या दुकानातल्या कतलीवर कुठला लावलाय हे बघून ओळखता येत नाही. तू बिनवर्खाची मागत जा, बरेच जण आतल्या ट्रेमधून देतात, फक्त त्याच वेळी तूप आणि मिल्क पावडर घातलीय का ते पण विचार, कारण कतलीत खरी अडचण जास्त वेळा तीच असते.